वखारीच्या गावातले चार दिवस

आमच्या भंडारा जिल्ह्यात पाणी म्हटले की आधी पाळ डोळ्यांपुढे येते. कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी माती टाकून, दगड रचून ती बांधलेली असते, म्हणून तेथे पाणी असते. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी घडवलेल्या अशा तलावांवर आमचे धान पिकते आणि त्या धानावर आमची दुकाने चालतात. कोणीही न बांधलेले, पलीकडचा काठ नसलेले पाणी पाहण्याचा योग मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आला. तोही हौसेने नव्हे, नाइलाजाने.

झाले असे की, थोरली कन्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी म्हणून निवडली गेली. प्रशिक्षण संपले. पहिली नेमणूक भंडारा, गोंदिया, फार तर बालाघाटच्या बाजूला मिळेल, अशी आमची भाबडी समजूत होती. माघाच्या अखेरीस आदेश आला : वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग. घरात कोणालाच ते गाव नेमके कोठे आहे हे सांगता येईना. नकाशा उघडला. साकोलीहून पूर्वेला थोडे गेले की छत्तीसगड लागते, आणि वेंगुर्ल्याहून दक्षिणेला थोडे गेले की गोवा. महाराष्ट्राचा अख्खा पसारा मध्ये ठेवून ही दोन गावे त्याच्या दोन टोकांना बसलेली.

माझ्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिने एवढेच विचारले, "मासळीच्या गावात पोरगी एकटी राहणार? तिथे पाणी तरी गाळून मिळेल का?" एका नातलगांनी सल्ला दिला की, घरात वृद्ध आजारी माणूस असल्याचे कारण देऊन बदलीचा अर्ज करावा, रुजू होण्यापूर्वीच केलेला बरा. मी तो अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिहूनही काढला. आई आजारी नव्हती, हे येथे कबूल करतो. कन्येने अर्ज वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "आधी गाव पाहू, बाबा. मग सहीचे बघू." रुजू होण्यास दहा दिवस होते. सौभाग्यवती, कन्या आणि मी असे तिघे निघालो. अर्ज माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता.

नागपूरहून मडगावला जाणाऱ्या गाडीने कुडाळपर्यंतचा प्रवास म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. सोबत दशम्या, खाकरे आणि गाळलेल्या पाण्याचे कॅन. रत्नागिरीच्या पुढे बोगद्यामागून बोगदा लागला आणि मधल्या उजेडात लाल जमीन दिसू लागली. कुडाळला उतरून एस.टी.ने तासाभरात वेंगुर्ले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू होता, मोहोर आणि कोवळी बोंडे एकाच झाडावर. आमच्याकडे झाड फुलते तेव्हा फुलते आणि फळते तेव्हा फळते. हे एकाच वेळी दोन्ही करीत होते, याचे मला उगाच कौतुक वाटले.

बँकेतल्या एका सहकाऱ्याने राहण्याची जागा आधीच पाहून ठेवली होती. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे शेणाने सारवलेले अंगण आणि तुळस, मागे विहीर. घरमालकीण काकी साठीच्या. यजमान निवृत्त शिक्षक होते, ते वारले, मुलगा मुंबईत. त्यांनी आम्हांला पाहताच "वायच बसा, दमल्यात" म्हणत कोकमाचे सरबत पुढे केले. सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावरून प्रश्न ओळखून त्या स्वतःच म्हणाल्या की, मागच्या पडवीत वेगळी चूल आहे, गॅस आहे, भांडी तुमची तुम्ही ठेवा. त्या चुलीवर आजवर शिवराकाशिवाय काही शिजलेले नाही, कारण ती सासूबाईंची चूल. शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण, हा शब्द आम्ही तेथेच शिकलो. सोमवार, एकादशी, संकष्टी आणि सगळा श्रावण काकींच्या घरीही शिवराकच. इतर दिवशी मासळी. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही आणि तिच्याबद्दल संकोचही दाखवला नाही. मला तो मोकळेपणा आवडला. सौभाग्यवतींना त्या दिवशी तरी आवडला नसावा.

पहिल्याच संध्याकाळी एक पेच पडला. वेंगुर्ल्याला आलेला प्रत्येक जण सागरेश्वरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहतो, आणि आमच्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. दोन्ही एकाच घटकेला कसे साधावे? काकींनी पावणेसहाला पाने मांडली. उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याची उसळ, ओल्या काजूची भाजी, सोलकढी. आमच्यासाठी सगळ्यात कांदा-लसूण वगळलेले, खोबरे मात्र भरपूर. तांदूळ पाहिला आणि मी हसलो. टपोरा, किंचित लालसर, धान आधी उकडून मग सडलेला. आमच्याकडच्या गिरण्यांतून याच रीतीचा उसना तांदूळ पोत्यांनी बाहेर जातो आणि आम्ही घरी मात्र तो कधी शिजवत नाही. आम्हांला चिन्नोर लागतो. जो माल आयुष्यभर तोलला त्याची चव प्रथम तेथे घेतली. मग घाईघाईने किनारा गाठला. सूर्य टेकला होता. त्या पाण्याला पाळ नव्हती. सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आवाज थांबतच नाही का याचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली डच वखार पाहिली. व्यापाऱ्याच्या कानाला वखार हा शब्द घरचा. आमच्याकडे लाकडाची वखार असते, कापसाची असते. ही मसाल्याची, कापडाची आणि त्याहून अधिक राजकारणाची होती. १६३७ च्या सुमारास डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून येथे ठाण मांडले. गावच का निवडले? कारण गोवा शेजारी होता. पोर्तुगीजांची कोंडी करण्यासाठी डच गलबते वर्षानुवर्षे गोव्याच्या मुखाशी नांगर टाकून बसत, आणि त्या खलाशांना तांदूळ, पाणी, दुरुस्तीची जागा आणि बातमी लागे. ते सारे वेंगुर्ल्यातून मिळे. म्हणजे ही वखार अर्धी दुकान होती आणि अर्धी छावणी. फ्रेंच प्रवासी आणि हिऱ्यांचा व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकाच्या मध्यास येथे येऊन गेला. त्याने गावाचे नाव मिंग्रेला असे लिहून ठेवले आहे.

आज त्या इमारतीचे छप्पर गेले आहे. भिंतींवर वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली ही वास्तू. संरक्षण म्हणजे काय, हा प्रश्न मात्र तेथे उभे राहिले की पडतोच. भिंतींची जाडी अजून सांगते की, आतला माल किती मोलाचा होता आणि बाहेरच्या जगावर विश्वास किती थोडा होता. गाव १६६४ आणि १६७५ अशा दोन वेळा जळाले. पुढे सावंतवाडीकरांच्या ताब्यात राहिले आणि १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीने ते इंग्रजांच्या हवाली केले.

या किनाऱ्यावरचा व्यापार अर्थातच डचांनी सुरू केला नाही. याच जिल्ह्यातील खारेपाटण येथे शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट सापडला आहे. त्यात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण आकारावा, असा दंडक आहे. हजार वर्षांपूर्वीची ही जकातच. खारेपाटणला जुन्या काळापासून जैन मंदिर आहे, आणि ते तेथे का असावे याचे उत्तर त्या ताम्रपटातच दडलेले असावे, असे मला वाटते. जेथे बंदर तेथे पेठ, आणि जेथे पेठ तेथे आपली माणसे.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्सला असतो. तो गेल्या वर्षी ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे सेंट मालो हे तटबंदीचे गाव पाहून आला आणि तिकडची छायाचित्रे त्याने मला वखारीतून दूरध्वनी केल्यावर पुन्हा पाठवली. ते गाव १९४४ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बगोळ्यांनी आणि आगीने जवळजवळ बेचिराख झाले होते. लोकांनी दगडाला दगड लावून ते पूर्वीसारखे उभे केले. आज पाहणाऱ्याला ते तीनशे वर्षे तसेच असल्याचे वाटते. त्या गावाचाही हिंदुस्थानशी संबंध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच कंपनी डबघाईला आली तेव्हा तिचा पूर्वेकडील व्यापाराचा हक्क सेंट मालोच्या व्यापाऱ्यांनी घेतला. मात्र जुन्या कंपनीची सुरतेच्या सावकारांकडची देणी थकलेली होती, आणि ती थकबाकी फ्रेंचांना तेथे बरीच वर्षे नडली. सुरतेच्या पेढ्यांवर त्या काळी कोण बसत होते, हे वाचकांना सांगायला नको. धनको आपले, ऋणको त्यांचे. पण त्यांनी गाव पुन्हा बांधले आणि आपण एक वखार मुळांच्या हवाली केली, हेही खरे.

वेंगुर्ल्याच्या बंदराची गोष्ट मला जास्त लागली. एकोणिसाव्या शतकात बेळगावकडचा माल आंबोलीच्या घाटाने उतरून येथे गलबतावर चढत असे. पेठ भरलेली होती. १८७६ मध्ये येथे नगरपालिका आली. पुढे मार्मागोव्यापर्यंत आगगाडी गेली आणि बेळगावचा माल तिकडे वळला. कोणी भांडण केले नाही, कोणी जाळपोळ केली नाही. माल फक्त दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. हे ऐकताना मला आमच्या साकोलीचा उड्डाणपूल आठवला. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे आमचे गाव. ट्रक थांबत, चालक उतरत, चहा होई, दुकानातून साबण-तेल, कधी गुळाची भेली जाई. आता वाहने डोक्यावरून निघून जातात. खाली सावली वाढली आहे आणि गिऱ्हाईक कमी झाले आहे. कन्येला दुकानात बसवावे, असे मी कधी म्हटले नाही; पण ती बँकेत गेली याचे दुःख मी करू नये, एवढे त्या बंदराच्या ओस धक्क्यावर मला समजले. त्या धक्क्यावर आता पोरे गळ टाकून बसतात.

काजूविषयी विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात तो असतो आणि बहुतेकांनी तो फक्त डब्यात पाहिलेला असतो.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तेथून तो कोकणात पसरला. काजू हे नावही त्यांच्याबरोबरच आले. वेंगुर्ल्यात १९५७ पासून प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. आता ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाखाली चालते. वेंगुर्ला-४ (१९८१) आणि वेंगुर्ला-७ (१९९७) या प्रसिद्ध जाती येथल्याच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबाही याच केंद्राचा, आणि कोय अगदी पातळ असलेला सिंधूसुद्धा. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

एका काजू कारखान्यात मालकांनी आम्हांला सगळे फिरवून दाखवले. बी आधी उन्हात वाळवतात, मग वाफेवर शिजवतात, मग एक दिवस गार होऊ देतात. नंतर फोडणी. बाईने एका हाताने बी दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने दांडी दाबायची, दुसऱ्या हाताने दांडा ओढायचा. टरफल दुभंगते आणि आत गर अखंड राहिला तर राहतो. टरफलात जे तेल असते ते कातडी जाळणारे. फोडणाऱ्या बायका हाताला खाद्यतेल किंवा राख लावून बसतात. काहींच्या बोटांची टोके काळवंडलेली होती. सौभाग्यवतींनी एकीला विचारले, "दुखते का?" ती म्हणाली, "पयल्या वर्सा दुखता." पुढे गर भट्टीवर वाळवतात, वरचे लाल साल सोलतात आणि मग प्रतवारी. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात सुमारे दोनशे चाळीस अखंड गर, डब्ल्यू ३२० म्हणजे तीनशे वीस. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. दुकानात आम्ही हे आकडे रोज बोलतो, पण पौंडाचा हिशोब मला ठाऊक नव्हता. शंभर किलो बियांतून पंचवीस ते तीस किलो गर निघतो. फुटला की पाकळी, आणखी फुटला की तुकडा, मग कणी. प्रत्येक पायरीला भाव उतरतो. म्हणजे त्या बाईच्या पायाचा दाब किंचित चुकला तर मालाची किंमत जाते.

कोपऱ्यात दोन थप्प्या होत्या. एक गावच्या बियांची. दुसऱ्या पोत्यांवर आफ्रिकेतल्या देशांची नावे. आपल्या देशातल्या कारखान्यांना लागणारे कच्चे बी येथे पुरत नाही, म्हणून ते टांझानिया, आयव्हरी कोस्ट, बेनिन अशा देशांतून जहाजाने येते. मालकांनी दोन्हींचे दाणे तळहातावर दिले. गावच्या दाण्याला एक दुधट गोडी होती. आफ्रिकेचा दाणा वाईट नव्हता, भावाने बराच स्वस्त होता आणि पाकिटात गेल्यावर डोळ्यांना फरक कळणार नव्हता. मग त्यांनी सहज विचारले, "शेठ, तुम्ही कुठला विकता?"

मला उत्तर देता आले नाही. गेली पंधरा वर्षे दिवाळीच्या खोक्यांवर मी "खास कोकणचा काजू" अशी चिठ्ठी चिकटवतो. नागपूरच्या ठोक बाजारातून माल उचलतो, डबा उघडून दाणा पाहतो, भाव ठरवतो. तो कोठे पिकला हे मी कधी विचारले नव्हते आणि गिऱ्हाइकानेही मला विचारले नव्हते. खोटे बोलायचे असे मनात नव्हते. पण ठाऊक नसलेली गोष्ट छापून विकणे याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात, ते मला लहानपणी पाठशाळेत शिकवले होते. कन्या शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

बँकेची शाखा आम्ही त्याच दुपारी पाहिली. रुजू होण्यापूर्वी ओळख करून घ्यावी म्हणून कन्या आत गेली, आम्ही बाकावर बसलो. बाजार उठला होता आणि मासळी विकणाऱ्या बायका भरणा करायला आल्या होत्या. कमरेची पिशवी सोडायची, दहा-वीस-शंभराच्या ओल्या नोटा मोजून द्यायच्या, पावती घडी घालून पुन्हा पिशवीत. त्या खिडकीजवळ एक खारट उग्र दर्प होता. सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. मग एका बाईने ते पाहिले, म्हणून खाली घेतला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "रोज हे हाताळायचे?" कन्या म्हणाली, "हो. आणि आई, आपल्या गल्ल्यात ज्या नोटा येतात त्या कुठून कुठून फिरून येतात, ते कधी पाहिले आहेस का? इथे निदान दिसते." त्या एका उत्तराने वाद मिटला असे मी लिहिणार नाही. मायलेकी त्या रात्री अंगणात बराच वेळ बोलत बसल्या होत्या आणि सगळे बोलणे काही मवाळ नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे काकी म्हणाल्या, रापण लागली आहे, पाहायची तर जा. समुद्रात अर्धवर्तुळाने जाळे टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. चाळीस-पन्नास माणसे, म्हातारी, पोरे, बायका. वाळूत टाचा रोवून, एका तालात. या व्यवसायाकडे आपण ज्या संस्कारांतून पाहतो ते एका सकाळीत बदलत नाहीत आणि बदलावेत असे मला वाटतही नाही. जाळे काठाशी आले तेव्हा सौभाग्यवती आणि मी पाठ फिरवून माडांकडे चालू लागलो. पण ओढणे चालू असताना एका वृद्ध गाबीत गृहस्थांनी वाटपाची रीत सांगितली ती मनात राहिली. होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा वेगळा. ज्याने ओढले त्याला मिळाले. आता खोल पाण्यात यांत्रिक बोटी पर्ससीनची मोठी जाळी टाकतात, राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातले तरी तक्रार संपलेली नाही, आणि किनाऱ्यापर्यंत येते ते दिवसेंदिवस थोडे. "शेठ, तुमका कळताला," ते म्हणाले, "मोठा दुकान इला की बारक्याचा काय होता." मला कळत होते. आमच्या तालुक्याच्या ठिकाणीही घरपोच मालाची गाडी रोज फिरते.

दुपारी मांडवी खाडीत कांदळवन पाहिले. "स्वामिनी" नावाचा महिला बचत गट तेथे होडीतून फेरी घडवतो. वल्हे मारणाऱ्या बायका मासेमारी करणाऱ्या घरांतल्या. कांदळाची मुळे पाण्याबाहेर श्वासासाठी कशी येतात, बी झाडावरच कसे रुजते आणि मग टोकाने चिखलात कसे पडते, हे त्या अशा सांगतात की कॉलेजात शिकलेल्यानेही ऐकत राहावे. कुठेही मारणे नाही, तोडणे नाही. झाड उभे आहे म्हणून पैसा मिळतो. होडीत बसायला सौभाग्यवती तयार नव्हत्या. वल्हेवाल्या बाईने हात पुढे केला आणि म्हटले, "माझी सासू पण भियायची." त्या बसल्या. उतरताना त्यांनी त्या बाईला घरी केलेली मुगाची बर्फी दिली आणि पत्ता विचारून घेतला.

गावाच्या स्वच्छतेबद्दल चार ओळी लिहायला हव्यात. आपल्या गावांच्या वेशीवर काय असते ते आपण जाणतो. वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा घरोघर वेगळा करून घेण्याची शिस्त लावली आणि कचरा टाकण्याच्या जागेचे असे रूपांतर केले की लोक ती पाहायला जातात. आम्हीही गेलो. वास नव्हता. एवढेच पुरे.

शिरोडे शेजारीच. १९३० च्या मे महिन्यात तेथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, वि. स. खांडेकर त्याच गावात १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक होते. आम्ही पोहोचलो तेव्हा मिठागरात पांढऱ्या राशी लागू लागल्या होत्या. आरवलीला वेतोबासमोर केळीचे घड आणि अवाढव्य चपलांचे जोड पाहिले. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा. कन्येने आईला हळूच सांगितले, "बघ, इथे राखणदारही आहे." सौभाग्यवती हसल्या. चार दिवसांतले ते पहिले हसू.

चौथ्या दिवशी निघायचे आम्ही दोघेच होतो. सकाळी काकींनी शेवटचे म्हणून शिरवाळे केले, तांदळाच्या शेवया आणि नारळाच्या दुधाचा गुळाचा रस. सौभाग्यवतींनी पडवीतली चूल स्वतः पुसली, दोन गाळणी बांधून ठेवली, एक विहिरीच्या पाण्यासाठी आणि एक दुधासाठी. काकी दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "तुमचा चेडू माझाच चेडू. पण एक सांगतंय, संध्याकाळचा लवकर जेवण माका जमणार नाय, तिचा तिने करूचा." मला हा करार चोख वाटला.

कुडाळला जाण्यापूर्वी मी पुन्हा काजूच्या कारखान्यात गेलो. गावच्या बियांचा, डब्ल्यू २४०, वीस किलो माल सांगितला. भाव नागपूरच्या भावाहून चढाच होता, आणि यंदाच्या दिवाळीत ते गिऱ्हाइकाला कसे समजावयाचे ते मला अजून उमगलेले नाही. मालकांनी पाठवण्याचा पत्ता मागितला. खिशात हात घातला तर एकच कागद होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी दुकानाचा पत्ता, माल, प्रत आणि "बी स्थानिकच" एवढे लिहून दिले.

कन्येने तो कागद मालकांच्या हातात जाताना पाहिला. "बाबा, तो अर्ज होता."

"मागची बाजू कोरी होती," मी म्हटले.

गाडी सावकाश सुटली. पनवेलच्या अलीकडे कोठेतरी आईचा फोन आला. खेड्यातल्या नेटवर्कमुळे आवाज तुटत होता. तिने घर विचारले नाही, बँक विचारली नाही.

"पाणी कसे आहे तिथले?"

"विहिरीचे आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "गोड आहे. गाळणे बांधून आले आहे."